स्क्रूवरचं नेलपॉलिश

आमचे मामा कानाने अधू आहेत, पण सोयीपुरते. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं रेडिओ, टॉर्च आणि असल्याच हातात मावणाऱ्या वस्तू दुरुस्त करायचं दुकान आहे. कानाचं मशीनही त्यांनी स्वतःच बनवलंय. शर्टाच्या खिशात साबणाच्या वडीएवढी डबी, आत दोन पेन्सिल सेल आणि तिथून कानापर्यंत वायर. दुकानात गिऱ्हाईक कुजबुजलं तरी त्यांना ऐकू यायचं. घरी मामी बोलायला लागली की तिसऱ्या वाक्याला सेल संपायचा.

मी तेव्हा त्यांच्याकडे शिकायला राहिले होते, त्यामुळे सेलचं हे टायमिंग मला पाठ झालं होतं. मामीलाही झालं होतं. एकदा जेवताना तिने फर्मान काढलं.

"जगाच्या वस्तूंना दिवे लावता. आता तुमच्या डबीला लावा. सेल संपला की लाल दिसला पाहिजे."

मामा कात्रीत सापडले. नाही म्हणावं तर चोरी उघडी पडणार, आणि सर्किट मुद्दाम वाईट बनवायला हात वळत नव्हता. तरी पहिल्या खेपेला फसलेच. सेल चांगला असताना हिरवा आणि उतरला की लाल, असा ऐटबाज दिवा त्यांनी बसवला, आणि दिवसभर जळणाऱ्या त्या हिरव्यानेच सेल पिऊन टाकले. मामी मनसोक्त हसली. तिथे मामा हट्टाला पेटले.

दुसरं सर्किट त्यांनी असं केलं की ते बहुतेक वेळ झोपूनच असायचं. मधूनच एक डोळा उघडून सेलचा व्होल्टेज बघायचं. ठीक असला तर पुन्हा झोप, ठरलेल्या आकड्याखाली गेला असला तरच लाल दिवा लुकलुकणार. तो आकडा ठरवायला आत एक इवलासा स्क्रू होता. असा स्क्रू आपोआप फिरू नये म्हणून त्यावर नेलपॉलिशचा थेंब द्यायची या कामात रीत आहे. मामा त्यासाठी लग्न झाल्यापासून मामीचीच बाटली पळवतात, त्यामुळे निम्म्या वस्तीच्या रेडिओंच्या पोटात मामीचा डाळिंबी रंग सापडेल.

सर्किट फारच चांगलं झालं आणि मामांचं सुख संपलं. दिवा काही लागेना. वरच्या मजल्यावरच्या बाईची मिजास, तिच्या जावेचे टोमणे, सगळं त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागलं.

मग एका संध्याकाळी दिवा लुकलुकायला लागला. मामीने नवे सेल आणून घातले, तरी लुकलुकतच राहिला.

"हल्लीच्या सेलांत दमच नसतो," मामा चेहरा पाडून म्हणाले.

मामीने वाद घातला नाही. तिने डबी उघडून नीट बघितली, बंद करून त्यांच्या खिशात ठेवली आणि त्यांच्यासमोरच माझ्याशी बोलायला लागली.

"दिवसभर मी घरात एकटी असते गं. त्या वरच्या बाईची भांडणं मला काय करायचीत? पण गप्प बसलं की घर खायला उठतं. संध्याकाळी हे आले की वाटतं, ऐकणारं माणूस आलं. आता यांना ऐकूच येत नाही म्हटल्यावर भिंतीशी काय बोलायचं? उद्यापासून बंद."

मामा पेपर वाचत होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही. मला त्यांचा राग आला आणि थोडी कीवही आली.

दुसऱ्या दिवशी मामी खरोखरच गप्प. भाजीत मीठ कमी आहे, असं मामांनी म्हणून पाहिलं. मीठ आलं, शब्द आला नाही. मामा न जेवल्यासारखे उठले.

त्या संध्याकाळी ते दुकान लवकर बंद करून आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. खिशातला दिवा विझलेला होता.

"तुझी नेलपॉलिशची बाटली दे जरा."

"कशाला?"

"आतला स्क्रू हलला होता. बसवलाय."

मामीने बाटली आणली, पण त्यांच्या हातात दिली नाही. डबी उघडून स्वतःच थेंब दिला आणि फुंकर घालून वाळवला.

"हलला नव्हता, हलवला होता. रंगाला तडा गेलेला मी त्याच दिवशी बघितला."

मामा ओशाळले. "मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुमच्यासमोर बसूनच बोलले."

मामांनी वायर कानात नीट बसवली आणि खुर्ची ओट्याजवळ ओढून घेतली.

"बरं," ते म्हणाले, "त्या वरच्या बाईच्या जावेचं पुढे काय झालं?"