लाँचवरचा फ्रिज

चाचा कुठल्याही गोष्टीला आधी उलटा हात लावायचे. लाँचचं इंजिन असो, चहाचा ग्लास असो, नाहीतर रडणाऱ्या लेकराचं कपाळ. तळहात नाही, हाताची पाठ. डोळे मिटून जरा थांबायचे आणि म्हणायचे, "हात सांगते." मी नर्स, माझ्या पिशवीत थर्मामीटर. तो काढायला लागले की चाचा मान हलवायचे. "राहू द्या ना सिस्टर. काच कायले लावता लेकराले? ताप हाये. हात सांगते." मला चीड यायची, कारण मागून मी गुपचूप थर्मामीटर लावायचे आणि ताप असायचाच.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला सगळे चाचा म्हणतात आणि ज्याचं खरं नाव विचारायचं कोणाला सुचत नाही. आमचे चाचा दिग्रसचे. सगळी उमर कापसातून सरकी काढायच्या एका जिनिंगमध्ये मेकॅनिक म्हणून गेली. मग कापसाची ती वाईट वर्षं आली, जिनिंगची मशीनं एकेक करून थांबली, आणि चाचा धरणावरची लाँच चालवायला आले. मी तेव्हा धरणाच्या काठावरच्या उपकेंद्रात होते. यवतमाळच्या बाबूच्या घरात वाढलेली, पाण्याला भिणारी बाई मी. पलीकडच्या काठावर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. रस्त्याने जायचं तर अर्धा दिवस मोडायचा, आणि पावसाळ्यात तोही रस्ता बंद. म्हणून मंगळवारी आणि शुक्रवारी मी लसीचा डबा घेऊन चाचांच्या लाँचने जायचे, कठडा घट्ट धरून.

ही लाँच मुळात साहेबलोकांसाठी घेतलेली. ड्रायव्हरच्या सीटला लागून, स्टिअरिंगच्या बाजूला, बर्फ तयार करायचं एक छोटं मशीन बसवलेलं होतं. पाण्यावर फिरताना साहेबांच्या ग्लासात बर्फ पडावा म्हणून. पण त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात साहेब यायचे ते आत्महत्या झालेल्या शेतकऱ्यांच्या घरी सांत्वनाला, पांढऱ्या गाड्यांतून, रस्त्याने. पाण्यावर हिंडायची त्यांना लाज वाटत असावी. मशीन मात्र चाचांनी चालू ठेवलं होतं. लाँच दिसली की तांड्यावरची पोरं काठावर धावत यायची आणि चाचा प्रत्येकाच्या हातावर बर्फाचा एक खडा ठेवायचे. "चोखू नोको बे, गालाले लाव," म्हणायचे. कोणी ऐकायचं नाही.

त्या पोरांत सरिता होती. दहा-अकरा वर्षांची, काटकुळी, मोठ्या डोळ्यांची. तिला लहानपणीच साखरेचा आजार जडला होता. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन मिळालं तरच पोरगी जगणार, असा मामला. इंजेक्शन तिची आई द्यायची, मीच शिकवलं होतं. तांड्यावर वीज असून नसल्यासारखी, फ्रिज कुठून येणार. ओल्या वाळूत मडकं आणि मडक्यात औषधाची बाटली, असं आम्ही भागवायचो. दिग्रसच्या दवाखान्यातून बाटली आणून लाँचने पोचवायचं काम माझं.

सरिता लाँचजवळ आली की आधी कपाळ चाचांपुढे करायची. चाचा उलटा हात लावायचे. "थंडगार हाये पोरगी. हात सांगते." एवढं झालं की मग ती बाटलीकडे वळायची.

"साखर काय कपाळावर कळते का हो चाचा?" मी एकदा म्हटलं.

"साखर तुमी पाहा. पोरगी खुश हाये का, ते मी पाहतो."

मग तो उन्हाळा आला. मला मीटिंगला जावं लागलं म्हणून सरिताची बाटली मी चाचांच्या हाती दिली. थर्मासमध्ये गार पाण्यात भिजवलेला कपडा, त्यात बाटली. "झाकण उघडायचं नाही," मी बजावलं. त्या दिवशी नेमका वारा सुटला, लाँच निघाली नाही. चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले आणि बाटली देऊन आले.

पुढच्या फेरीला मी गेले तर सरिता काठावर नव्हती. घरात पडून होती. श्वास जोरजोरात चाललेला, तोंडाला सडक्या फळासारखा वास. "याडी, पाणी," एवढंच म्हणत होती. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. आई बिचारी शपथा घेत होती की इंजेक्शन एक दिवस चुकलं नाही. चाचांनी पोरीला उचलून लाँचमध्ये निजवलं आणि इंजिन असं पिटाळलं की मी त्या दिवशी पाण्याला भ्यायचं विसरले. धरणावरून जीप केली आणि यवतमाळ गाठलं.

पोरगी वाचली. काही दिवसांनी तिने डोळे उघडून खायला मागितलं, तेव्हा मी वॉर्डाबाहेर आले. चाचा भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. मला एकच गोष्ट खात होती. बाटली नवी, इंजेक्शन रोज, मग औषध लागू का पडलं नाही?

"चाचा, त्या दिवशी लाँच गेली नाही तेव्हा बाटली कशात ठेवली होती?"

"बरफात."

"कशात?"

"मशीनच्या बरफात, सिस्टर. थर्मास उघडून हात लावून पाह्यला तं कोमट लागला. म्हन्लं, औषध खराब होईन पोरीचं. म्हनून बरफात दाबून ठेवली. सकायी पाहतो तं पार गोटा झालती." ते थांबले. "मंग मुठीत धरून पिघळवली. एका हातानं लाँच चालवत गेलतो."

इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून गेलं. पुन्हा पातळ होतं, बाटलीत जवळजवळ तसंच दिसतं, पण अंगात गेल्यावर काही करत नाही. चाचांच्या लेखी औषध जितकं थंड तितकं चांगलं. आमच्याकडच्या उन्हात राहणाऱ्या माणसाला दुसरं काय वाटणार? पण तेव्हा माझं डोकं फिरलेलं. "तुमच्या हातानं पोरगी मेली असती," असं मी तिथेच, वॉर्डाच्या दारात म्हणाले. चाचा आपला हात उलटा करून पाहत बसले.

सरिता तांड्यावर परतली त्या दिवशी काठावर उतरताना तिने सवयीने कपाळ पुढे केलं. चाचांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "जा माय, घरी जा. याडी वाट पाहून राह्यली." पोरगी जरा वेळ तशीच उभी राहिली. मला पाहवेना. मी लसीचा डबा उगाच उघडून बंद केला. "हात सांगते" हे त्यांच्या तोंडून मग कितीतरी दिवस ऐकू आलं नाही.

थोड्याच दिवसांत चाचा उपकेंद्राच्या दारात येऊन उभे राहिले. "सिस्टर, ते बरफाचं मशीन काढून टाकतो. तिथं फ्रिज बसवतो. औषधाले किती थंडं पाह्यजे, तेवढं सांगा."

"दोन डिग्रीच्या खाली नको, आठच्या वर नको."

"दोनच्या खाली नोको," असं पुटपुटत ते गेले.

धरणावरचे इंजिनिअरसाहेब आधी तयार होईनात. "उद्या कोणी मोठे साहेब आले आणि बर्फ मागितला तर?"

"तं दिग्रसवरून लादी आनतो साहेब, डोक्यावर घेऊन."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मशीन स्टोअरमध्ये नीट ठेवा. बाकी मी काही पाहिलं नाही."

फ्रिज मिळाला तो चाचांच्याच जुन्या जिनिंगच्या ऑफिसातून. कापूस घेऊन येणाऱ्यांसाठी शेठ त्यात पाण्याच्या बाटल्या ठेवायचे. चाचा मागायला गेले तेव्हा कंपाउंडात कमरेइतकं गाजरगवत वाढलं होतं म्हणे. शेठ म्हणाले, "घेऊन जा. थंड पाणी प्यायला इथं येते कोण आता?" चाचांनी तो एसटीच्या टपावर चढवला. आडवा ठेवा म्हणणाऱ्या कंडक्टरशी भांडले, शेवटी स्वतः टपावर बसून फ्रिजला मिठी मारून आले. आणल्यावर लगेच चालू केला नाही. एक दिवस नुसता उभा ठेवला. "प्रवासानं थकला हाये," मला म्हणाले.

खरी पंचाईत पुढे. मशीनच्या जागेत फ्रिज मावेना. चाचांनी इकडून मापलं, तिकडून मापलं, आणि शेवटी पाना घेऊन स्वतःची सीट खोलून काढली. मशीनची जागा आणि सीटची जागा मिळून फ्रिज बसला. खाली लाकडाचे ठोकळे, मागे रबर, लाटेने दार उघडू नये म्हणून सायकलची ट्यूब. मशीनचा इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या होत्याच.

"आणि तुम्ही कुठं बसणार?"

"जिनिंगमंदी उमर उभ्यानंच गेली, सिस्टर. सवय हाये."

त्यांचे गुडघे मला माहीत होते, तेलाची बाटली मीच देत होते. पण सांगून ऐकेल तो माणूस कसला. त्या दिवसापासून चाचांनी लाँच उभ्यानेच चालवली.

थंडावा कमी-जास्त करायचं बटन त्यांनी फिरवून पाहत दोनाच्या खुणेवर लावलं, उपटून काढलं आणि खिशात घातलं. कोणी फिरवायची भानगडच नको. आत माझा थर्मामीटर, तापाचा नाही, लसीच्या डब्यातला. आयुष्यभर काचेला नावं ठेवणारा हा माणूस आता घडीघडी दार किलकिलं करून पाहायचा आणि इंजिनच्या आवाजात ओरडायचा, "पाच हाये, सिस्टर. पाच चालते ना?"

"चालते."

जरा वेळाने पुन्हा, "सहा झालं. चालते ना?"

"तुम्ही दार उघडून पाहता म्हणून वाढते ते, चाचा."

त्या फ्रिजात बाकी कोणाची वस्तू शिरली नाही. भोई मासे ठेवू म्हणाले, नाही. लग्नाचे हार, नाही. पुसदकडचा एक पुढारी आपली बाटली ठेवायला निघाला तर चाचांनी ट्यूबवर हात ठेवला. "लेकराचं औषध हाये साहेब," म्हणाले आणि मडक्यातलं पाणी पुढे केलं. पोरांचा बर्फही बंद झाला. पोरं काही दिवस हात पसरून उभी राहिली, मग यायची थांबली. "बरफ नाही बेटा आता," म्हणताना चाचा कोणाकडे पाहत नसत.

सरिताचं मात्र चांगलं चाललं. गालावर मांस आलं, इंजेक्शन ती स्वतःच घेऊ लागली. बाटली चाचा तिच्या हाती द्यायचे, पण कपाळाला हात नाही. तिच्या आईने एकदा लाँच थांबवून सांगितलं, "चाचा, आमच्या मनात काही नाही."

"माह्या मनात हाये ना, माय," चाचा म्हणाले.

अशी दोन-तीन वर्षं गेली असतील. एका वर्षी पावसाळा सरताना धरणाच्या काठी तापाची साथ आली. शुक्रवारी चाचा धक्क्यावर आले ते थरथरत. मी म्हटलं, "आज लाँच राहू द्या. दिग्रसला दवाखान्यात चला."

"पोरीची बाटली संपली असन. तिले देतो, मंग जातो."

मी भांडले. उपयोग झाला नाही. चाचा स्टिअरिंगला धरून उभे राहिले आणि त्यांनी लाँच सोडली. तांड्याचा काठ आला. त्यांनी ट्यूब सोडली, थर्मामीटर पाहिला, "पाच," म्हणाले. बाटली देताना हात इतका हलत होता की सरिताने ती दोन्ही हातांनी घेतली, माझ्याकडे दिली, आणि टाचा उचलून आपला हात चाचांच्या कपाळाला लावला. हाताची पाठ. डोळे मिटून जरा थांबली.

"ताप हाये, चाचा. लय हाये."

चाचा तिच्याकडे पाहतच राहिले. "हात सांगते?"

"हात सांगते."

त्या माणसाला मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. मग त्यांनी सरिताच्या कपाळाला उलटा हात लावला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. खिशातून ते बटन काढून तिच्या मुठीत दिलं. "हे तुह्याजवळ ठेव. दोनावर लावेल हाये. कोनाले फिरवू देऊ नोको."

त्याच दिवशी मी त्यांना एसटीत बसवून दिग्रसच्या दवाखान्यात नेलं. ताप डोक्यात गेला होता. मंगळवारी मी धक्क्यावर गेले तर लाँच बांधलेली होती, आणि चौकीदाराने चाचा गेल्याचं सांगितलं. मी लसीचा डबा तिथेच खाली ठेवला आणि पायरीवर बसून रडले. वॉर्डाच्या दारातलं माझं वाक्य त्यांनी कधी परत काढलं नव्हतं.

नवा ड्रायव्हर आला, तरणा आणि बोलका. आल्या आल्या त्याने विचारलं, "सिस्टर, याचं बटन कुठं हाये? पानी पाह्यजे तसं थंडं होऊन नाही राह्यलं." मी लसीचा डबा उचलून कठड्यापाशी जाऊन बसले. पुढे फ्रिज बंद पडला आणि कोणी दुरुस्त केला नाही. ड्रायव्हर त्यात आपला डबा आणि टॉवेल ठेवायला लागला, आणि फ्रिजला लागून एक प्लास्टिकची खुर्ची टाकून त्यावर तिरपा बसायला लागला. सरिता तोवर पुसदला शाळेच्या वसतिगृहात गेली होती. तिथे औषधाची सोय होती.

दिवाळीच्या सुटीत ती आली तेव्हा आम्ही एकाच लाँचने निघालो. उंच झाली होती. दप्तरातून तिने ते बटन काढलं, फ्रिजच्या दारातला टॉवेल बाजूला केला आणि आत बटन बसवलं, दोनावर. दार लावून ट्यूब अडकवली. मग दाराला उलटा हात लावला आणि डोळे मिटले. ड्रायव्हर माझ्याकडे पाहायला लागला.

"काय सांगते?" मी हळूच विचारलं.

"बंद हाये, सिस्टर," सरिता म्हणाली.

तांड्याचा काठ येईपर्यंत तिने हात काढला नाही.