बाबांनी चेकची घडी घातली होती...

परवा बँकेत गेले होते. काउंटरवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "काकू, चेकला घडी घालत जाऊ नका हं, खालच्या पट्टीवरचे आकडे मशीन वाचतं." तिचा बिचारीचा काहीच दोष नाही, पण माझं डोकं असं सणकलं की विचारू नका... इतक्या वर्षांपूर्वीचा राग, अजून जसाच्या तसा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही केनवडचे, बाबांचा भाजीचा मळा. मी मॅट्रिक झाले आणि स्कॉलरशिप मिळाली. अकोल्याच्या बँकेचा चेक, चक्क माझ्या नावाचा! बाबांनी त्याची चौपदरी घडी घातली, टोपीत ठेवली आणि आम्ही एसटीनं तालुक्याच्या बँकेत गेलो.

तेव्हा कसली मशीन आणि कसले आकडे! बाहेरगावचा चेक पोस्टानं त्या गावच्या बँकेत जायचा, तिथला माणूस सही ताडून पाहायचा, मग इकडे पैसे जमा. पंधरा दिवस लागतील म्हणाले. डी.एड.ची फी भरायला महिना होता, म्हणून आम्ही निवांत.

पंधरा दिवसांनी गेलो, नाही आले. पुढच्या आठवड्यात गेलो, नाही आले. तिसऱ्या खेपेला बाबांनी भीत भीत विचारलं, "साहेब, म्या घडी घातली म्हून तं अटकला नसन ना?" क्लार्क मान वर न करता म्हणाला, "असन बी."

असन बी, म्हणे असेलही! त्या दोन शब्दांनी माझ्या बापाचं अन्नपाणी तुटलं. वांगी तोडताना, पाणी देताना एकच घोकत राहिले, "माह्याच हातानं पोरीचं वाटोळं झालं." आईनं समजावलं, मी समजावलं... ऐकतील तर शपथ.

महिना संपत आला तशी मी एकटीच गेले आणि ठिय्या दिला. चेक कुठे आहे ते दाखवा, नाहीतर हलत नाही! शेवटी त्या क्लार्कनं ड्रॉवर उघडला. माझा चेक आतच... सोबत आणखी तीन, टाचणी लावलेले. म्हणे, दहा चेक जमले की एकाच रजिस्टर पाकिटात पाठवतो, पोस्टेज वाचतं. अहो, आमच्या भागात तेव्हा चेक यायचे किती जणांना?

मी तिथंच ओरडले, "मंग पयल्याच दिवशी सांगाले काय झालं होतं? पाकिटाचे पैसे माह्या बापानं देले असते!" मॅनेजर धावत बाहेर आले आणि चेक त्याच दिवशी एकटा रवाना झाला. पैसे आले, पण तोवर माझी जागा दुसऱ्या कुणाला गेली होती. एका पाकिटापायी माझं अख्खं वर्ष खाल्लं त्या मेल्यानं!

पुढच्या वर्षी डी.एड.ला गेले, मग मास्तरीण झाले. नोकरीची ऑर्डर पोस्टात आली, ती आणायला बाबा गेले. ड्रॉवरची गोष्ट मी त्यांना शंभरदा सांगितली होती, घडीचा काही संबंध नव्हता म्हणून... तरी भर उन्हात येताना दिसले ते पाकीट दोन्ही तळहातांवर सपाट धरून. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

पाकीट फोडलं. आत ऑर्डरला ऑफिसवाल्यांनीच तीन घड्या घातलेल्या होत्या.

आता चेक पटकन वटतात, मशीनचे उपकार मानते मी. वर्ष गेलं तेही एक वेळ सोडून देईन... पण ते "असन बी" मी त्याला अजून माफ केलेलं नाही.