देवराईत ठोकलेले खिळे

मित्रांनो, घरी येऊन दोन तास झाले तरी राग शांत होत नाही, म्हणून लिहितोय.

येत्या रविवारी आमच्या डोंगरात धावण्याची शर्यत आहे. लहानपणी घोडेगावच्या शाळेत जाताना ज्या पायवाटेने आम्ही पुस्तकातल्या कविता मोठमोठ्याने म्हणत उतरायचो, ती वाट आयोजकांना मीच दाखवली. अगदी कौतुकाने दाखवली! मधे देवराई लागते. तिथे चपला हातात घेऊन हळू चालायचं, वाळली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हे बजावूनही सांगितलं होतं.

आज सकाळी जाऊन बघतो तर काय, झाडाझाडाला खिळे ठोकून बाणाच्या पाट्या लावलेल्या! सगळ्यात जुन्या हिरड्याची तर साल फाटलेली.

पाट्या लावणारा तरुण म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. शर्यत झाली की काढून टाकू."

"आन् भोकं कशानं बुजवशील रं?" वरच्या वाडीच्या ठकूबाई कडाडल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आण्णा, वाट तुमीच दावली नव्हं? मग आता तुमीच निस्तरा!"

मी त्यांच्याच घरून पक्कड आणली आणि एकेक खिळा उपटला.

धावणाऱ्यांनो, जरूर या. पण रविवारी देवराईच्या तोंडाशी मी अनवाणी उभा असेन. तेवढा टप्पा बूट हातात घेऊन चालत जायचा. तुमच्या घड्याळात पाच मिनिटं जास्त लागली, तर खरंच काही बिघडेल का?