हजार मीटरच्या आतलं धुकं

"अक्का, आज फॉग लिहू नका हं. मालक येतायत."

सकाळचे सात वाजले होते. फोनवर आमचे मॅनेजर श्रीनिवास होते. बंगळूरजवळ येलहंक्याच्या पुढे एका छोट्या खासगी विमानतळावर मी हवामान-निरीक्षक होते. हुबळीहून कंपनीचं विमान निघालं होतं. आत पायलट धरून पाच माणसं.

"जे दिसेल ते लिहीन, सर," मी म्हणाले. या वाक्याचा मला जरा गर्वच होता.

घरी आपण धुकं म्हणतो आणि मोकळे होतो. आमच्या कामात मात्र फॉग हा मोजून वापरायचा शब्द. हजार मीटरवरची वस्तू दिसेनाशी झाली की फॉग. ती दिसत असेल तर मिस्ट, म्हणजे विरळ धुकं. आमच्याकडे मिस्टमध्ये विमान उतरू शकत होतं, फॉगमध्ये नाही.

मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं. गच्चीवर उभं राहून बघायचं. ऑफिसच्या भिंतीवर खुणांचा तक्ता होता: चारशे मीटरवर गोदाम, सातशेवर देवळाचा कळस, अकराशेवर पाण्याची टाकी. दिसलेली सगळ्यात लांबची खूण, तीच व्हिजिबिलिटी.

गोदाम दिसलं. कळस अंधुक दिसला. त्याच्या उजवीकडे टाकीचा करडा गोल. खाली येऊन टॉवरला 'मिस्ट, अकराशे' कळवलं आणि रजिस्टरात लिहिलं. मालकांच्या नशिबाने खरोखरच मिस्ट निघालं म्हणून बरंही वाटलं.

तेवढ्यात माझा सहकारी नागराज ड्यूटीवर आला. त्याने रजिस्टर वाचलं.

"अक्का, अकराशे कसं काय?"

"टाकी दिसली ना."

"कुठली टाकी? ती परवाच पाडली. तुम्ही बेळगावला होता तेव्हा."

मी धावत गच्चीवर गेले. खरं सांगते, क्षणभर मला टाकी पुन्हा दिसली. अठरा वर्षं रोज सकाळी तिच्याकडेच बघत होते. डोळे चोळून पाहिलं. कळसापलीकडे नुसतं पांढरं होतं.

खाली येऊन टॉवरला फोन लावला.

"विमान उतरायला लागलंय, मॅडम."

"वर पाठवा त्याला. मिस्ट रद्द. फॉग, सातशे."

"आत्ता तर अकराशे म्हणालात!"

"माझी चूक झाली. आधी त्याला वर पाठवा!"

विमान चेन्नईला गेलं. श्रीनिवास तणतणत आले. "स्वल्प थांबला असता तर उतरलं असतं की हो!" दुपारपर्यंत मला मेमो मिळाला. उत्तरात मी लिहिलं, 'रिपोर्ट पाहून नव्हे, आठवणीवरून दिला.' असं लिहून देऊ नका, नोकरीवर बेतेल, असं श्रीनिवासांनीच सांगितलं. मी ते खोडलं नाही.

संध्याकाळी पायलटचा फोन आला. तो रागावेल असं वाटलं होतं.

"मॅडम, रनवेचे दिवे दिसले म्हणून मी उतरवत होतो," तो म्हणाला. "तुमचा निरोप आला म्हणून वर घेतलं. चढताना कळलं, ते हायवेचे दिवे होते."

नोकरी टिकली.

आता गच्चीवर जे दिसेल ते आधी कोऱ्या कागदावर लिहायचं आणि मगच तक्ता बघायचा, असा आमचा नियम आहे. ओळखीच्या जागी डोळे कामचुकारपणा करतात.