पहिल्या गुरुवारचं व्हिनेगर

आमच्या गॉटलंड बेटाच्या उत्तर टोकाला जमीन खणली की हातभर माती लागते आणि खाली नुसती चुनखडी. विहिरीचं पाणी त्याच दगडातून झिरपून येतं. भांडं धुऊन उपडं घातलं तर वाळल्यावर पांढरी रेघ दिसते, आणि किटलीच्या पोटात तर महिन्याभरात कवच धरतं. रुनारला या पाण्याचा भारी अभिमान. तीस वर्षं तो चुन्याच्या भट्टीवर होता. भट्टी बंद झाली तेव्हा मालकांनी प्रत्येक गड्याला एकेक कॉफीचं मशीन दिलं, बुडाला नाव कोरून. पगार गेला, खोकला राहिला आणि वर हे मशीन आलं. रुनारनं ते स्वयंपाकघरात खिडकीशी मांडलं. रस्त्यानं जाणाऱ्याला ते दिसावं असं.

मला सांगायचंय ते त्याच्या बहिणीचं, सिग्नेचं.

सिग्ने चोवीस वर्षांची होती तेव्हा स्टॉकहोमला एका इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती. आईचं कंबरडं मोडलं म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून आली. आई अंथरुणात नऊ वर्षं जगली. मग बाप पडला. तोवर रुनारची बायको मुलीला घेऊन बोटीनं पलीकडे, मुख्य भूमीवर निघून गेली होती, त्यामुळे त्याचंही करणारं कुणी नव्हतं. बापानं घर रुनारच्या नावावर केलं आणि सिग्नेला सांगितलं, तुला या घरातून कुणी हलवणार नाही. सांगितलं ते तोंडी. त्या तोंडी शब्दावर तिनं सत्तेचाळीस वर्षं बटाटे उकडले, लाकडं फोडली, रुनारचे चुन्यानं कडक झालेले सदरे बडवले. मी शेजारच्या घरातला, बिर्गेर. पोरवयापासून तिला बघतोय, पण ती बसलेली मला फारशी आठवत नाही.

मशीन आलं त्याच्या पहिल्याच वर्षी भांडण झालं. सिग्नेनं चार-सहा महिन्यांनी त्यातून पाण्यात व्हिनेगर घालून सोडलं. सगळ्या बायका करतात तसं. आतून पांढऱ्या खपल्या पडायला लागल्या आणि तेवढ्यात रुनार आत आला.

"ह्ये काय भायेर काढतीस?"

"चुना साठलाय आत. पानी नीट तापंना, थेंब थेंब येतंय."

"ज्या चुन्यावर ह्ये घर उभं ऱ्हायलं त्यो तुला घाण वाटतोय व्हय? त्या चुन्यानं कॉफीला अंग येतं. मुरू दे त्येला. पुन्यांदा माझ्या मशीनीत व्हिनेगर दिसलं तर बग."

भट्टीवरच्या गड्यांची ही समजूत जुनी. चुना हाडाला चांगला, चुना पोटाला चांगला, चुन्याशिवाय चव नाही. भट्टी बंद पडल्यावर तर ती आणखीच घट्ट झाली. चुन्यानं फुफ्फुसं खाल्ली हे कुणाला कबूल करायचं नव्हतं, मग किटली तरी कशी घासायची.

सिग्नेनं बाटली कोठीत ठेवून दिली. तीन महिन्यांत मशीन पार बसलं. एका कपाला पाऊण तास गुरगुर, आणि जे यायचं ते कोमट आणि कडू. मग एका गुरुवारी रुनार जुन्या गड्यांच्या बैठकीला गेला. महिन्याचा पहिला गुरुवार, दुपारभर पत्ते. तो वळणाआड गेल्यावर तिनं खिडक्या उघडल्या, एक भाग कडक व्हिनेगर आणि आठ-नऊ भाग पाणी टाकीत ओतलं, निम्मं उतरू दिलं, मशीन बंद करून अर्धा तास तसंच ठेवलं, मग उरलेलं उतरवलं. नंतर तीनदा नुसतं साधं पाणी. कॉफीचं भांडं आणि गाळणीची पेटी गरम सोड्याच्या पाण्यात बुडवून आतला तेलकट काळा थर काढला. राहता राहिला वास. त्यासाठी तिनं त्याच दुपारी हेरिंग मासे व्हिनेगर-साखरेत मुरवायला घातले. घरात व्हिनेगर का दरवळतंय हे विचारायची सोयच ठेवली नाही.

संध्याकाळी रुनारनं घोट घेतला आणि म्हणाला, "बग. मुरला का न्हाई चुना?"

तेव्हापासून एकोणीस वर्षं, दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. व्हिनेगर आणायला कधी कधी माझ्याच गाडीतून यायची, म्हणून मला ठाऊक. एकदा विचारलं, सरळ सांगत का नाहीस? म्हणाली, "सांगून काय मिळणार हाय? त्याला कॉफी बरी लागते, मला शांतता." रुनार पाहुण्यांसमोर कप उंच धरून चुन्याचं कौतुक करायचा आणि ती ओट्याशी पाठ करून पाव कापायची. फक्त एवढंच म्हणायचा की आमची सिग्ने मासे जरा जास्तच मुरवते.

यंदाच्या वसंतात ती बैठक मोडली. सहाजण होते, दोघं उरले, आणि त्यातल्या दुसऱ्याला ऐकू येत नाही. रुनारचा गुडघाही गेला. पहाटे चारला उठून तो स्वयंपाकघरातल्या बाकावर बसायचा तो रात्रीपर्यंत. सिग्नेला मशीनपाशी एकटं उभं राहायला अर्धा तास मिळेना. रात्री करावं तर मशीनची गुरगुर त्याच्या खोलीत ऐकू जायची. एप्रिल गेला, मे गेला. मशीन पुन्हा गुरगुरायला लागलं. तिनं भुकटी कमी करून पाहिली, जास्त करून पाहिली, चुलीवर पातेल्यात उकळून दिली. रुनारनं पातेल्यातली ओतून दिली.

"तुझा हात गेलाय, सिग्ने. चव बी गेली."

हेच त्यानं फोनवर लेकीला सांगितलं. लिस्बेत, पलीकडे राहते, शहरात शिकली, शहरासारखं बोलते. ती म्हणाली, "बाबा, हे हसण्यावारी नेऊ नका. डोकं जायला लागलं की आधी चवच जाते."

घर लिस्बेतला बक्षीस द्यायचं हे ठरलेलंच होतं. सिग्नेचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. तिचं मागणं एकच: स्वयंपाकघरामागची तिची खोली मरेपर्यंत तिची राहील, एवढी एक ओळ कागदात घाला. रुनार हो म्हणाला होता. हिवाळ्यात एकदा आणि ईस्टरला एकदा, असं दोनदा.

ऑगस्टमधल्या एका रविवारी लिस्बेत बक्षीसपत्राचा कागद घेऊन आली. सहीला दोन साक्षीदार लागतात म्हणून मला आणि माझ्या बायकोला, मायकेनला, बोलावलं. टेबलावर केशर-भाताचा जाड पोळा होता, काळ्या रानबेरींचा मुरंबा होता, आणि पोळ्याच्या बाजूला कागद, टोपण लावलेलं पेन. आमच्याकडे कॉफीच्या आधी सही होत नाही, त्यामुळे सगळे मशीनकडे बघत बसलो. ते थुंकल्यासारखं एकेक थेंब टाकत होतं.

कप भरले. मायकेननं ओठाला लावून खाली ठेवला. मी प्यालो, कारण सिग्ने माझ्याकडे बघत होती. जळक्या बुरशीसारखं काहीतरी होतं.

"चार म्हैनं ह्येच पितोय," रुनार म्हणाला. "कैद्याला बी ह्याच्याहून बरी देत्यात."

"आत्या," लिस्बेत म्हणाली, "तुला खरंच कळत नाही का ही कडू आहे?"

"कळतं."

"मग कशी देतेस लोकांना?"

लिस्बेतनं कप बाजूला सरकवला आणि आवाज मऊ केला. "हे बघ, व्हिस्बीला एक वृद्धाश्रम आहे, अगदी नीटनेटका. मी अर्ज टाकलाय. नोव्हेंबरात जागा रिकामी होईल म्हणाले."

"कुणाच्या नावानं टाकलास?"

"तुझ्या."

"मी म्हनलं तुझ्या बाबाच्या असंल," सिग्ने म्हणाली. "गुडघा त्याचा ग्येलाय." मग भावाकडे वळली. "रुनार, कागदात माझ्या खोलीचं लिवणार व्हतास."

"लिवणार व्हतो. पर तू खोलीत ऱ्हाऊन करनार काय? एक कप कॉफी जमंना. उद्या चूल चालू ठेवशील आन् घर जाळशील."

"म्हंजे कॉफी कडू झाली म्हणून खोली न्हाई."

"तसंच समज."

सिग्ने उठली. कोठीत गेली, बरण्या सरकवल्याचा आवाज आला, आणि ती व्हिनेगरची बाटली घेऊन बाहेर आली. सगळ्यांदेखत मशीनची टाकी उघडली, ओतलं, वर पाणी घातलं, बटण दाबलं. रुनारला काय चाललंय हे कळायला थोडा वेळ गेला.

"ए. काय करतीस?"

"बस गप. अर्धा तास लागंल."

निम्मं पाणी उतरल्यावर तिनं मशीन बंद केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्याबरोबर टेबलाशी बसली. व्हिनेगरच्या वाफेनं डोळे चुरचुरत होते. त्या अर्ध्या तासात तिनं सगळं सांगितलं. पहिला गुरुवार, खिडक्या, तीन वेळा साधं पाणी, मासे. काही लपवलं नाही, काही रंगवलं नाही, किराण्याची यादी वाचल्यासारखं सांगितलं. मग उठून मशीन पुन्हा सुरू केलं. काचेच्या भांड्यात पिवळट पाणी आलं आणि त्यात नखाएवढ्या पांढऱ्या खपल्या तरंगायला लागल्या. लिस्बेत वाकून बघत होती. रुनार बघत नव्हता.

तीनदा पाणी काढलं, भांडं सोड्यानं धुतलं, नवी कॉफी केली. या वेळी मशीन कुरकुरलं नाही. पाच मिनिटांत भांडं भरलं आणि वासानंच मायकेन सरळ बसली. मी सांगतो, तसली कॉफी मी त्या घरात एकोणीस वर्षं प्यालो होतो आणि तशीच ती होती.

रुनार पूर्ण कप प्याला. मग दुसरा ओतून घेतला, तोही निम्मा संपवला. मला वाटलं, झालं, आता पेन उचलेल आणि ओळ घालेल.

"म्हंजे एकोणीस वर्सं," तो म्हणाला.

"व्हय."

"दर म्हैन्याला."

"आजारी व्हते तवा दोन-तीनदा चुकलं."

"आन् मी गावाला चुन्याचं सांगत बसायचो. सारी भट्टीची माणसं ह्या टेबलाशी बसून ऐकून ग्येली. निम्मी मेली बी."

"सांगायचास."

"तू मागं हुबी ऱ्हाऊन हसत असशील."

"मी कदी हसले न्हाई, रुनार. पाव कापत व्हते."

ते खरं होतं. पण त्याला ते ऐकायचं नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला, खोकल्याची एक उबळ आली.

"कॉफी बिगडली असती तर मी माफ क्येली असती," तो म्हणाला. "म्हातारपण हाय, हात चुकतो. पर माझ्याच घरात, माझ्या नाकाखाली, एकोणीस वर्सं मला येडा बनवणाऱ्या बाईला मी खोली लिवून देऊ? लिस्बेत, पेन दे."

"बाबा, ती एक ओळ घालायची असेल तर बाजूला जागा आहे," लिस्बेत म्हणाली. एवढं तिच्या नावावर जमा करायला हवं.

"जागा असू दे."

त्यानं सही केली. कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचला. सिग्नेचं नाव कुठंच नव्हतं, नसायचंच. साक्षीदार सही खरी आहे एवढंच सांगतो, कागद न्यायाचा आहे असं नाही, हे मी मनाशी म्हटलं आणि सही केली. मायकेननं चष्मा शोधण्यात बराच वेळ घालवला. पण तो तिच्या खिशातच होता, आणि शेवटी तिनंही केली.

सिग्ने कप गोळा करत होती. लिस्बेत तिच्यामागे ओट्याशी गेली आणि हळूच म्हणाली, "आत्या, माझ्या घरच्या मशीनलाही असंच झालंय. प्रमाण किती घ्यायचं?"

सिग्नेनं तिच्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही काहीतरी फेकून मारेल. पण तिनं हात पुसले.

"साधं व्हिनेगर न्हाई, त्ये कडक घ्यायचं. एकाला आठ पानी. निम्मं उतरलं की थांबायचं. घाई क्येली तर कामाचं न्हाई."

कागद ज्यातून आणला त्या पाकिटाच्या पाठीमागं लिस्बेतनं लिहून घेतलं.

नोव्हेंबरात मीच तिला गाडीनं व्हिस्बीला सोडलं. एक बॅग, एक खोकं, आणि मांडीवर हिवाळी कोट. अर्धा रस्ता सरला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बिर्गेर, मी त्या दिवशी गप बसले असते तर?"

"तर कॉफी कडूच ऱ्हायली असती."

"आन् खोली? खोली मिळाली असती?"

मी खोटं बोलू शकलो असतो.

"न्हाई," मी म्हणालो. "तो कागद तसाच टाइप होऊन आला व्हता."

तिनं मान हलवली. रस्ता निसरडा होता, मी वेग कमी केला. वृद्धाश्रमाच्या दारात मी खोकं उचलायला गेलो तर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.