आठ कलमांची यादी आणि कांबळे मिस्त्री

कांबळे मिस्त्रींच्या उचगावच्या गॅरेजात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातात आठ कलमांची यादी होती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. राजारामपुरीत माझा दातांचा दवाखाना होता, दारात एक जुनी छोटी मोटार होती आणि डोक्यात ऑटोक्रॉसचं खूळ. मैदानात पिंपं मांडून वळणावळणाची मातीची वाट आखायची आणि एकेकानं घड्याळाविरुद्ध गाडी पळवायची, अशी ती शर्यत. परदेशी मासिकं वाचून मी यादी केली होती: कडक स्प्रिंगा, गाडी दोन इंच खाली, लहान स्टिअरिंग आणि असंच बरंच काही. मिस्त्रींनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली.

"डाक्टर, तुमी एका बैठकीला आठ दात काढतासा व्हय?"

"नाही."

"का?"

"दुखायचं नेमकं कशानं थांबलं ते कळणार नाही म्हणून."

"मग बसा. चा सांगतो."

आणि खरोखरच पुढचा दीड महिना त्यांनी एका वेळी एकच काम केलं. आधी झिजलेली रबरं बदलली, मग टायरमधली हवा कमीजास्त करून बघितली, मग सुतळी ताणून पुढच्या चाकांची दिशा जुळवली. प्रत्येक कामानंतर गॅरेजमागच्या पडीक रानात मला गाडी पळवायला लावायचे आणि विचारायचे, "वळताना काय झालं?"

"सुधारली," मी म्हणायचो.

"सुधारली ह्ये न्हाय चालायचं. पुढची चाकं वळायची सोडून सरळ पळत्यात का मागची घसरत्यात, त्ये सांगा."

मला ते सांगता यायचं नाही. पुन्हा रानात.

शर्यत आठवड्यावर आली आणि माझा धीर सुटला. मिस्त्रींना न सांगता मी दुसरीकडे जाऊन स्प्रिंगा कापून घेतल्या आणि बशीएवढं स्टिअरिंग बसवलं. दुसऱ्याच दिवशी अक्कलदाढ काढलेल्या एका पेशंटला घरी सोडायला निघालो, तर गल्लीच्या गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं. पेशंट तोंडात कापूस धरून खाली उतरला आणि ढकलू लागला. त्याला काही बोलता येत नव्हतं, हे माझं नशीब.

तसाच उचगावला गेलो. मिस्त्री आता गाडीला हात लावतील की नाही, याची धाकधूक होती. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"खड्ड्यातनं पळायचं हाय आणि हिचं पाय कापून आणलासा?"

रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसून मला समजावू लागले. "चाक खाली जाऊन मातीला धरलं तर गाडी वळणार. ह्या कडक स्प्रिंगांवर त्ये हवेतच फिरणार." चार दिवसांत त्यांनी पूर्ण उंचीच्या स्प्रिंगा आणि हादरे शोषणारे चांगले शॉक बसवले. लहान स्टिअरिंग मात्र राहू द्या, असं मी म्हणून बघितलं.

"त्येला जोर किती लागतो बघितलासा न्हवं? सोमवारी तुमाला लोकांच्या तोंडात हात घालायचाय."

जुनं मोठं स्टिअरिंग परत लागलं. शर्यतीत माझा अकरा जणांत चौथा नंबर आला. धुळीत नाकाला रुमाल बांधून उभे असलेले मिस्त्री जवळ आले.

"तिसऱ्या वळणावर काय झालं?"

"घाबरलो."

"मग त्येचं सामान माझ्याकडं मिळत न्हाय."

पुढची पाच-सहा वर्षं आम्ही हेच करत राहिलो. दोनदा तिसरा आलो, पहिला कधीच नाही. मग पाठ दुखू लागली आणि मी गाडी कुरुंदवाडच्या एका शिक्षकांना विकली. त्यांना म्हाताऱ्या आईला उपचारांसाठी कोल्हापूरला ने-आण करायची होती. हे कळल्यावर मिस्त्रींनी दोन दिवस गाडी ठेवून घेतली. शर्यतीचे शॉक काढले, मऊ बसवले, मागची सीट नीट केली.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी शिक्षक आईला घेऊन गॅरेजात आले. मिस्त्रींनी आजींना मागे बसवलं, स्वतः चालवायला बसले आणि त्याच रानातून, खड्ड्याखड्ड्यातून एक सावकाश फेरी मारली. मग दार उघडून विचारलं, "आजी, पोटात हादरलं काय?"

"न्हाय रं बाबा. डोळा लागलाता."

मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. माझ्या तिसऱ्या नंबराच्या दोन्ही कपांकडे बघून ते असे कधीच हसले नव्हते.