आईकडून आलेला कचरा

दिसायला बाई चारचौघींसारखी. पण मेलेल्या नवऱ्याला रोज खाऊपिऊ घालते म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? मी काही पदरचं सांगत नाही. प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणत. नवऱ्यानं आजारपणात कातडीचा चिमूटभर तुकडा संशोधनाला दिला होता. तो गेला, पण त्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशी ताईच्या बाटल्यांत, ती रोज घालायची त्या पोषक द्रवावर, जिवंत होत्या. संध्याकाळी सासूबाई दारातच विचारायच्या, "काय म्हणतोय आमचा?"

"पोटभर जेवला, आई," ताई म्हणायची. दोघी हसायच्या, आणि हसता हसता सासूबाई डोळे पुसायच्या.

ताईचं काम त्या पेशी फोडून त्यांतले आरएनए आणि प्रथिनांचे जोडकण वेगळे काढायचं. पण मेला मायटोकॉन्ड्रियाचा कचरा दरवेळी सोबत यायचाच. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या इवल्याशा भट्ट्या. त्या माणसाला फक्त आईकडून मिळतात.

"तुम्ही काही त्याची पाठ सोडत नाही," ताईनं घरी थट्टा केली.

"का सोडू? आई आहे मी त्याची!" सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

मग एक दिवस प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी बजावलं, "शुद्ध कण मिळत नसतील तर या पेशी बंद. बाटल्या टाकून द्या." नवरा दुसऱ्यांदा मरणार! ताईनं चूक शोधून काढली. काचेच्या दांड्यानं पेशी रगडताना तिचा हात जड पडत होता, मायटोकॉन्ड्रिया फुटून कणांत मिसळत होते. तिनं हात हलका केला. चाचणीत कचरा असला की काळी पट्टी उमटायची; या वेळी ती फिकी उमटली.

त्याच संध्याकाळी सासूबाईंना मुलाचा आवाज आठवेना. वय झालं, ताईनं मनाची समजूत घातली. पट्टी आणखी फिकी झाली, तेव्हा सासूबाई भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "हा कोण गं?" बाकी सगळं त्यांना लख्ख आठवत होतं. शेजारणीशी झालेलं भांडणसुद्धा. नेमका मुलगाच पुसला जात होता.

काचेच्या नळीचा आणि म्हातारीच्या डोक्याचा काय संबंध, वेडी की काय मी, असं ताई स्वतःला शंभरदा म्हणाली. तरी दांडा उचलून ती पुन्हा खाली ठेवायची. जोर लावला तर बाटल्या जाणार. नाही लावला तर? शेवटी तिनं ओठ घट्ट मिटले आणि हलकेच रगडलं. पट्टी उमटलीच नाही.

"शाब्बास, ताई! आता या पेशींना कोणी हात लावत नाही," सर म्हणाले.

ती धावतपळत घरी आली. सासूबाई खिडकीशी मजेत बसल्या होत्या, चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नाही. ताई त्यांच्या पायांशी बसली. "आई, वाचला हो तुमचा मुलगा!"

सासूबाईंनी मायेनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझी कूस कधी उजवलीच नाही, पोरी," त्या म्हणाल्या. "आणि तू मला आई का म्हणतेस?"